जुन्या गाड्यांचा घाट आजच्या गाड्यांना का नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर 'जुनी गाडी' म्हणजे साधारण १९३० ते १९७५ या काळातली आणि 'नवी' म्हणजे २००० नंतरची. मधली वर्षं बदलाची. उत्तरं वाचताना एक गोष्ट तपासत राहा: अमुक बदल नियमाने किंवा भौतिकशास्त्राने भाग पाडला, की कंपनीने स्वतःच्या मर्जीने केला? 'आता नियमच असे आहेत' हे उत्तर पुष्कळदा सोयीपुरतं दिलं जातं.

जुन्या गाड्यांचे मडगार्ड, दिवे, बॉनेट सुटेसुटे का दिसतात?

कारण ते खरोखरच सुटे होते. खाली पोलादी चॅसी म्हणजे गाडीचा सांगाडा, तिच्यावर इंजिन, चाकं, स्टिअरिंग हे सगळं आधी जोडलेलं. बॉडी नंतर वरून बोल्टने बसवायची. मडगार्डने चिखल अडवायचा, रनिंग बोर्डवर पाय ठेवून चढायचं, दिवा वेगळ्या ब्रॅकेटवर उभा. ज्याचं काम वेगळं त्याचा आकार वेगळा. नुसती चॅसीसुद्धा चालवत नेता यायची, त्यामुळे एकच चॅसी निरनिराळ्या बॉडी बांधणाऱ्यांकडे जाई आणि एकाच मॉडेलच्या दोन गाड्या एकमेकींना ओळखू येणार नाहीत इतक्या वेगळ्या दिसत.

१९२२ मध्ये दाखवलेल्या लान्चिया लॅम्बडाने आणि १९३४ च्या सित्रोएन ट्रॅक्सिऑन आव्हाँने वेगळी चॅसीच काढून टाकली. बॉडी स्वतःच वजन पेलू लागली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मडगार्ड हळूहळू बॉडीत मुरले. १९४७ ची चिसितालिया २०२ याचा सुंदर नमुना आहे: पिनिनफरिना या इटालियन बॉडी बांधणाऱ्यांच्या या गाडीत बॉनेट मडगार्डांच्या खाली उतरलं आणि पुढून मागपर्यंत एकच सलग कातडी झाली. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९५१ मध्ये मोटारींचं प्रदर्शन भरवलं, त्यात ही गाडी होती.

एकसंध बॉडीची किंमत मात्र डिझायनर मोजतो. पुढचं मडगार्ड आजही बोल्टचं असतं, पण मागचं मडगार्ड, छताची कड आणि दाराखालचा उंबरठा हे ताकदीचे भाग आहेत. त्यांच्या आतल्या सांगाड्याला हात लावला की क्रॅशची गणितं पुन्हा करावी लागतात. जुन्या काळी दरवर्षी नवा चेहरा देणं परवडत होतं, कारण चॅसीला धक्का लागत नव्हता.

लांब बॉनेट आणि मागे ओढलेली केबिन हे प्रमाण कुठे गेलं?

इंजिन आडवं झालं तेव्हा गेलं. जुन्या मांडणीत इंजिन लांबीच्या दिशेने, त्याच्यामागे गिअरबॉक्स आणि शाफ्टने फिरणारी मागची चाकं. सरळ रांगेतली सहा किंवा आठ सिलिंडरं म्हटली की बॉनेट लांब होणारच. पुढचं चाक आणि दाराची पुढची कड यांत मोठं अंतर सुटतं आणि तेच अंतर डोळ्यांना ऐटदार वाटतं.

१९५९ च्या मिनीत ॲलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं ठेवलं आणि गिअरबॉक्स त्याच्या खाली घातला. गाडी जेमतेम ३.०५ मीटर, पण चार माणसं बसतात. पुढे फियाटचे अभियंते दान्ते जाकोसा यांनी गिअरबॉक्स इंजिनाच्या शेजारी आणला. १९६४ च्या आउटोबियांकी प्रिमुलामध्ये आणि मग १९६९ च्या फियाट १२८ मध्ये ही मांडणी आली आणि आज बहुतेक छोट्या-मध्यम गाड्या याच पद्धतीच्या आहेत. यात पुढचं चाक जवळजवळ दाराला येऊन भिडतं. वरचा पत्रा कितीही घडवा, हे अंतर वाढत नाही.

एखादा फोटो हाती आला तर एवढंच पाहा: चाकाच्या मध्यापासून दाराच्या पुढच्या कडेपर्यंतचं अंतर चाकाच्या व्यासाच्या किती पट आहे. खूप कमी असेल तर इंजिन बहुधा आडवं आहे.

आजकालचे पुढचे खांब एवढे जाड का? जुन्या गाडीतून किती मोकळं दिसायचं!

दिसायचंच. आणि यामागची सक्ती खरी आहे. १९७३ पासून अमेरिकेत छताच्या ताकदीचा नियम लागू झाला: छताच्या एका कोपऱ्याने गाडीच्या वजनाच्या दीडपट भार पेलला पाहिजे. २००९ मध्ये तो वाढवून तिप्पट केला आणि दोन्ही बाजूंना लागू केला. तिथल्या विमा कंपन्यांच्या संस्थेची उत्तम श्रेणी हवी असायची तर चौपट. १९५० च्या दशकातल्या, मधला खांबच नसलेल्या हार्डटॉप गाड्या या आकड्यांपुढे टिकल्या नसत्या.

पोलाद तर कितीतरी मजबूत झालं, मग खांब बारीक का नाही? साध्या पत्र्याची ताणशक्ती ३०० मेगापास्कलच्या आसपास असते, तर लालबुंद तापवून साच्यात दाबलेल्या बोरॉन पोलादाची १५०० च्या घरात. पण त्या खांबावर आतून प्लास्टिकचं आवरण आलं, आवरणाखाली पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग आली, वायरिंग आलं. शिवाय वाऱ्यासाठी काच मागे झुकली, त्यामुळे खांब लांब झाला आणि वाकायला सोपा झाला. तो वाकू नये म्हणून पुन्हा जाड करा.

जाडीचा परिणाम मोजता येतो. माणसाच्या दोन डोळ्यांत साधारण ६५ मिलिमीटर अंतर असतं. खांबाची दिसणारी रुंदी त्याहून कमी असेल तर एका डोळ्याला जे झाकलं जातं ते दुसरा पाहतो, आणि लांबवरचं काहीच पूर्ण लपत नाही. जुन्या गाडीचा ५० मिमीचा खांब या हद्दीत बसतो. आता १०० मिमीचा खांब डोळ्यांपासून ७०० मिमीवर धरा: २० मीटरवर सुमारे एक मीटर रुंदीचा पट्टा दोन्ही डोळ्यांना दिसत नाही. एवढ्यात अख्खी मोटरसायकल मावते. चौकात वळताना डोकं पुढे-मागे हलवून पाहायला सांगतात ते याचसाठी; नुसती मान वळवून उपयोग नाही.

नव्या गाड्यांची नाकं उंच आणि बोथट का?

पादचाऱ्यासाठी, निदान अर्धं उत्तर तरी हेच. धडकेत माणसाचं डोकं बॉनेटवर आपटतं. पत्रा खाली दबून धक्का शोषतो, पण लगेच खाली इंजिनाचा कडक भाग असेल तर दबायला जागाच नाही. म्हणून बॉनेट आणि इंजिन यांत साधारण ७० ते ८० मिमी मोकळं अंतर ठेवतात. युरो एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या युरोपीय संस्थेच्या चाचणीत डोक्याचा नमुना ताशी ४० किलोमीटरने बॉनेटवर सोडतात. १९६० च्या दशकातल्या जग्वार ई-टाइप या स्पोर्ट्स कारचं चपटं नाक या चाचणीत उतरणं कठीण.

सुटका आहे, पण खर्चीक: धडक ओळखताच काही मिलिसेकंदांत बॉनेटची मागची कड वर उचलणारी यंत्रणा. २००५ ची सित्रोएन सी६ आणि २००६ ची जग्वार एक्सके यांनी ती वापरली, म्हणून त्यांची बॉनेटं तुलनेने खाली राहू शकली.

बॉनेटवरच्या मूर्ती आणि अणकुचीदार कडा बाहेरच्या उंचवट्यांच्या नियमाने गेल्या. बाहेरून लागू शकणाऱ्या कडक भागाची कड किमान २.५ मिमी त्रिज्येने गोलावलेली हवी. मर्सिडीजचा तारा स्प्रिंगवर कलंडतो आणि रोल्स-रॉइसची मूर्ती आत जाते ती यामुळेच.

उरलेलं अर्धं उत्तर मर्जीचं आहे. छातीएवढ्या उंचीची उभी भिंत कुठलाही नियम मागत नाही. ती विकली जाते म्हणून बनते.

क्रोमचे बंपर का गेले?

अमेरिकेत १९७३ सालच्या मॉडेलपासून पुढच्या बंपरने ताशी ५ मैलांची आणि मागच्याने अडीच मैलांची धडक दिवे न फुटता सोसली पाहिजे असं ठरलं. १९७४ पासून मागेही ५ मैल. बंपरची उंचीही जमिनीपासून १६ ते २० इंच अशी ठरवली गेली. पातळ क्रोम पट्टीला हे झेपणारं नव्हतं. तयार गाड्यांवर घाईघाईने जाड बीम, पिस्टन आणि रबराचे ठोकळे चढले.

एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार या घाईची सर्वांत बोलकी खूण. १९७४ च्या उत्तरार्धात तिच्या तोंडावर काळं, आत पोलाद असलेलं रबरी बंपर बसलं. हेडलाइट नव्या नियमापेक्षा खाली राहत होते, तर नाक नव्याने आखण्याऐवजी अख्खी गाडी स्प्रिंगांवर एक इंच उचलली. तोंडावर जड बंपर, गुरुत्वमध्य उंच, त्यात १९७५ च्या मॉडेलमधून पुढचा अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू न देणारी सळई) खर्च वाचवायला काढला. वळणावर गाडी लोळू लागली. आज एमजीबीचे मालक ती पुन्हा खाली उतरवतात आणि अँटी-रोल बार परत घालतात. क्रोम बंपर बसवायचे तर मडगार्डांची टोकं आणि ग्रिलसुद्धा बदलावं लागतं हे आधी ध्यानात घ्या.

पुढे १९८२ मध्ये अमेरिकेनेच ही अट अडीच मैलांवर आणली, तोवर रंगवलेल्या प्लास्टिकचं बंपर बॉडीत विरघळून गेलं होतं. आजचं बंपर म्हणजे वर पॉलिप्रॉपिलीनचं कातडं, आत फोम आणि त्याच्यामागे धातूचा बीम. कातडं स्वस्त, पण त्यात रडार आणि सेन्सर आहेत. रंग देणाऱ्याने रडारसमोरच्या भागावर पुटी किंवा जाड धातूकणी रंग चढवला तर रडार आंधळं होतं, म्हणून तो भाग दुरुस्त न करता बदलतात.

टेलफिनचा काही उपयोग होता का?

नाही. १९४८ च्या कॅडिलॅकचे फिन, म्हणजे मागच्या मडगार्डांवर उभे राहिलेले पंखासारखे उंचवटे, पी-३८ लढाऊ विमानाच्या शेपटीवरून सुचले आणि १९५९ मध्ये कळसाला पोहोचले. निव्वळ फॅशन, आणि ती कबूल करण्यात कुणाला लाजही नव्हती.

जुन्या गाड्यांचे हेडलाइट गोलच का?

अमेरिकेने १९४० पासून सात इंची सीलबंद गोल दिवा सक्तीचा केला. रिफ्लेक्टर, तार आणि काच मिळून एकच भाग, जळाला की अख्खा बदला. कुठल्याही गावात मिळावा म्हणून सगळ्यांना एकच माप. १९५० च्या दशकाच्या शेवटी पाऊणेसहा इंचांचे चार दिवे चालू लागले, १९७५ मध्ये चौकोनी आले. काचेच्या आवरणाखाली लपवलेले दिवे तिथे चालत नसत, म्हणून ई-टाइपचे झाकलेले दिवे १९६७ नंतर उघडे झाले. हव्या त्या आकाराचा दिवा तिथे १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हनपासून दिसतो.

वर उघडणारे दिवे याच कोंडीतून पसरले: नाक खाली हवं, दिवा उंच आणि गोल हवा, तर तो झोपवा आणि लागेल तेव्हा उठवा. दिव्याच्या आकाराची सक्ती गेल्यावर त्यांची गरजही संपली. मोटर, वजन, उघड्या दिव्याला अडणारा वारा आणि पादचाऱ्याला लागणारी कड एवढं कशाला सांभाळायचं? २००४ नंतर मोठ्या उत्पादकाच्या गाडीत ते उरले नाहीत.

बल्ब बदलता येणाऱ्या जुन्या सात इंची दिव्यात एलईडी बल्ब घातला तर?

घालू नका, निदान नुसता बल्ब तरी नको. त्या रिफ्लेक्टरची वक्रता एच४ (दोन तारांच्या हॅलोजन) बल्बमधल्या तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेली असते. एलईडीच्या चिप तारेइतक्या बारीक नसतात आणि त्या जागी मिलिमीटरभर जरी सरकल्या तरी उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यात जातो.

उजेड कमी वाटतो त्याचं कारण बहुतेक वेळा वायरिंगमध्ये सापडतं. दिवा लावून बॅटरीवरचा व्होल्टेज मोजा, मग बल्बच्या पिनांवरचा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वीज वाटेतच खर्च होते आहे. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटला की फिलामेंटचा उजेड जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. उपाय ठरलेला आहे:

१. बॅटरीपासून २.५ चौरस मिमीची नवी वायर, बॅटरीजवळच फ्यूज.
२. लो आणि हाय बीमसाठी दोन वेगळे रिले (थोड्या विजेवर चालून जास्त वीज सोडणारे स्विच). जुना स्विच फक्त रिले चालवेल, त्यामुळे तो जळायचाही थांबतो.
३. प्रत्येक दिव्याला बॉडीवर स्वच्छ घासलेली अर्थिंग. इथेच सगळ्यात जास्त गफलत होते: वायर नवी आणि अर्थ गंजक्या स्क्रूवर.
४. बल्ब ६०/५५ वॅटचाच. १०० वॅटने होल्डर वितळतो.

गाडी सहा व्होल्टची असेल तर हे आकडे लागू नाहीत.

नव्या गाड्या वाऱ्यामुळे अशा दिसतात म्हणतात. जुन्याही किती निमुळत्या होत्या की!

निमुळतं दिसणं वेगळं आणि वारा सहज कापणं वेगळं. ई-टाइपचा रोध गुणांक (आकाराला हवा किती अडते ते सांगणारा आकडा, कमी तेवढा चांगला) सुमारे ०.४४ आहे. १९८२ ची ऑडी १००, जी शेजारी उभी केली तर खोकं वाटेल, तिचा ०.३०. आणि २०२१ ची मर्सिडीज ईक्यूएस ०.२० पर्यंत जाते.

फरक पडतो किती? समोरून २.२ चौरस मीटर दिसणारी गाडी ताशी १०० किमीने जात असेल आणि गुणांक ०.४५ असेल तर नुसता वारा ढकलायला सुमारे १२.७ किलोवॅट लागतात. ०.३० असेल तर ८.५. वेग वाढला की ही शक्ती वेगाच्या घनाने वाढते. १९७३ च्या तेलटंचाईनंतर आणि अमेरिकेत १९७८ च्या मॉडेलपासून इंधनखपतीचे नियम आल्यावर हे चार किलोवॅट सोडून देणं कुणालाच परवडेना.

जुन्या घाटात सगळ्यात जास्त नुकसान शेपटीला होतं. गोल, उतरती शेपटी डोळ्यांना वाऱ्यासारखी वाटते, पण हवा तिला चिकटून खाली वळते, मध्येच कुठेतरी सुटते आणि गाडीचा मागचा भाग वर उचलते. १९९८ ची पहिली ऑडी टीटी अगदी अशीच गुळगुळीत होती. मोठ्या वेगात तिचा मागचा भाग हलका होऊन अपघात झाले, आणि मग डिकीच्या कडेवर एक छोटा स्पॉयलर बसवून विकलेल्या गाड्याही परत बोलावून दुरुस्त केल्या. त्या एका पट्टीने रेषेचा नितळपणा गेला, पण हवेला सुटायला नेमकी जागा मिळाली. आज जवळजवळ प्रत्येक गाडीच्या टेललाइटच्या बाहेरच्या कडेला एक उभी धारदार घडी दिसेल. ती नक्षी नाही. हवा इथेच सुटावी म्हणून घातलेली पायरी आहे.

मागचा भाग लांब निमुळता करण्यापेक्षा योग्य जागी सरळ कापावा, हे जर्मन वायुगतिकी तज्ज्ञ वुनिबाल्ड काम यांच्या १९३० च्या दशकातल्या कामातून आलं. हे ज्ञान फार आधीपासून होतं. १९३४ च्या क्रायस्लर एअरफ्लोने वाऱ्याचा विचार केला आणि गिऱ्हाइकाने ती नाकारली. पेट्रोल स्वस्त असेपर्यंत वाऱ्याला कुणी विचारत नव्हतं.

मग सगळ्या गाड्या सारख्या दिसतात ते वाऱ्यामुळे?

छताची रेषा आणि शेपटीची उंची, होय. बाकी दोष एकाच सांगाड्यावर अनेक गाड्या बांधण्याला द्या. फोक्सवॅगनच्या २०१२ च्या एमक्यूबी मांडणीत पुढच्या चाकाचा अक्ष आणि पेडल यांतलं अंतर ठरलेलं आहे. त्याच्या मागेपुढे काहीही ताणा. म्हणजे कित्येक मॉडेलांचं काच, खांब आणि चाक यांचं नातं आधीच गोठलेलं. वेगळेपण दाखवायला फक्त ग्रिल, दिवे आणि दारावरच्या घड्या उरतात, आणि म्हणूनच त्या इतक्या आरडाओरडा करतात. खोटे एअर व्हेंट आणि बंपरमध्ये कोरलेले बनावट सायलेन्सर यांना वाऱ्याचं, सुरक्षेचं, कसलंच कारण नाही. जाळीत बोट घालून पाहा, मागे बंद प्लास्टिक लागेल.

डिझाइन करण्याची पद्धतच बदलली का?

बदलली, पण लोक समजतात तशी नाही. माती गेलेली नाही. हार्ली अर्ल यांनी १९२७ मध्ये जनरल मोटर्सचा आर्ट अँड कलर विभाग सुरू केला आणि औद्योगिक मातीत पूर्ण आकाराची गाडी घडवण्याची पद्धत रूढ केली. ही माती साठ अंशांच्या आसपास तापवून मऊ करतात, लाकूड-फोमच्या सांगाड्यावर थापतात, थंड झाली की पात्याने खरवडतात. आजही तसंच, फक्त पहिलं खरवडणं यंत्र करतं आणि शेवटचा हात माणसाचा.

बदलला तो वळणाचा प्रकार. पूर्वी वक्र रेषा लवचिक पट्टी वाकवून काढत आणि पत्रा लाकडी साच्यावर ठोकून बसवत, म्हणून डावं मडगार्ड उजव्यापेक्षा काही मिलिमीटर वेगळं निघे. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये आणि रेनॉमध्ये पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात वक्रांचं गणित मांडलं. पृष्ठभाग आकड्यांत आल्यावर प्रकाशाची रेषा दारावरून मडगार्डवर न तुटता नेता येते. नव्या गाडीवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहा: रेष सरळ वाहते. जुन्या हातघडीच्या गाडीवर ती किंचित लाटते, आणि आमच्या मते त्या लाटेतच तिचा ऊबदारपणा आहे.

जुन्या बॉडीवर सांधे दिसत नाहीत, नव्या छतावर काळ्या पट्ट्या का?

जुन्या काळी छत आणि मागचं मडगार्ड यांचा सांधा शिशाने भरत. सत्तर टक्के शिसं आणि तीस टक्के कथील यांचं मिश्रण १८३ अंशांना मऊ पडतं आणि सुमारे २५५ ला पूर्ण वितळतं. मधल्या टप्प्यात ते लोण्यासारखं लाकडी फळीने पसरवता येतं. मग कानशीने सपाट करायचं. हे कौशल्याचं, वेळखाऊ आणि विषारी काम. आता छत खाचेत स्पॉट वेल्डने जोडतात आणि खाच प्लास्टिकच्या पट्टीने झाकतात. पट्टी नसेल तर तिथे लेझर ब्रेझिंग (लेझरने वितळवलेल्या धातूचा जोड) आहे.

जुनी गाडी दुरुस्त करताना शिसं कोरडं घासू नका. धूळ फुफ्फुसात जाते. कानस वापरा, मास्क लावा. आणि शिशावर पुटी थेट लावू नका: फ्लक्सचं (शिसं चिकटावं म्हणून आधी लावतात त्या रसायनाचं) आम्ल मागे राहिलं असेल तर काही महिन्यांत फुगे येतात. आधी गरम पाणी आणि सोड्याने धुऊन वाळवा, मग इपॉक्सी प्रायमर, मगच पुटी.

जुन्या रंगाची खोली नव्यात का येत नाही?

जुना रंग एकाच जातीचा, अनेक हातांचा, प्रत्येक हात घासलेला आणि वर क्लिअर कोट (पारदर्शक थर) नाही. आजचा कारखान्यातला रंग सगळे थर मिळून १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५०. पॉलिश करताना फडक्यावर गाडीचाच रंग आला तर तो जुन्या पद्धतीचा आहे. क्लिअर कोट असलेली गाडी वारंवार कटिंग कंपाउंडने घासली तर तो थर पातळ होऊन सोलपटतो आणि मग पॉलिशने काही होत नाही, पॅनल पुन्हा रंगवावं लागतं.

जाडी मोजायच्या मीटरवर २०० च्या वर आकडा आला तर पुन्हा रंगकाम. ५०० च्या पुढे गेला तर खाली पुटी धरून चाला.

क्रोम पुन्हा चढवलं, वर्षात फुगलं. का?

क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. चमक आणि संरक्षण खालचं निकेल देतं, ते वीसएक मायक्रॉन हवं. पोलादी बंपर असेल तर क्रम असा: जुना थर काढणं, घासणं, तांबं, पुन्हा घासणं, निकेल, क्रोम. तांब्यानंतरचं घासणं टाळलं की खड्डे तसेच राहतात.

दारांची हँडलं आणि चिन्हं बहुधा जस्ताच्या ओतकामाची असतात. त्यात आतून खड्डे पडतात. प्रत्येक खड्डा बारीक ड्रिलने स्वच्छ धातू लागेपर्यंत कोरायचा, तांबं चढवायचं, सोल्डरने भरायचा, सपाट करायचा, पुन्हा तांबं. ज्याने हे केलं नाही त्याचं काम फुगणारच. देण्याआधी विचारा की तो जस्तावर काम करतो का. नुसतं 'हो, क्रोम करतो' हे उत्तर पुरेसं नाही.

चाकं एवढी मोठी का झाली?

थोडी ब्रेकसाठी, बरीचशी दिसण्यासाठी. दारं उंच झाली, कारण बाजूच्या धडकेसाठी आत बीम आला आणि काचेची खालची कड वर सरकली. उंच बाजूवर जुनं १३ इंची चाक खेळण्यातलं वाटतं. १७५/७० आर१३ टायरचा व्यास सुमारे ५७५ मिमी आणि बाजूची भिंत १२२ मिमी. २३५/४० आर१९ चा व्यास ६७० मिमी, पण भिंत फक्त ९४. खड्ड्यात रिम वाकते ती या कमी झालेल्या रबरामुळे. गाडीच्या मॅन्युअलमध्ये लहान रिमचा पर्याय दिला असेल तर तो घ्या. दिसायला थोडं उणं, चालवायला सरस.

रेट्रो, म्हणजे जुन्या मॉडेलचा घाट घेऊन नव्याने बनवलेल्या गाड्या का फसतात?

बहुतेक वेळा फसतात त्या जुना घाट वेगळ्या मांडणीवर ओढल्यामुळे. मूळ बीटल आणि १९५७ ची फियाट ५०० यांची इंजिनं मागे होती. पुढचा उतार मोकळा होता. १९९७ च्या न्यू बीटलमध्ये इंजिन पुढे आलं, पण कमान तीच हवी होती, म्हणून डॅशबोर्ड लांबलचक झाला आणि मागच्या माणसाचं डोकं छताला लागलं. २००७ ची ५०० मूळ गाडीपेक्षा अर्ध्या मीटरहून जास्त लांब आहे, तरी सुदैवी ठरली, कारण तिने तपशील उचलले आणि प्रमाणं नव्या गाडीचीच ठेवली.

इलेक्ट्रिक गाडीत इंजिन नाही, मग जुना घाट परत का येत नाही?

फरशीखाली बॅटरीचा १०० ते १५० मिमीचा थर आहे. बसणारा तेवढाच वर जातो, छतही वर जातं. ही उंची लपवायला खाली काळं प्लास्टिक आणि मोठी चाकं येतात. ग्रिल मात्र लहान करता येतं, कारण बॅटरी आणि एसीला लागणारी हवा कमी असते आणि ती खालच्या फटीतून मिळते. तरीही मोठं बंद ग्रिल दिसलं तर ती मर्जी.

नव्या गाडीचे हेडलाइट पिवळे पडतात, जुन्यांचे का नाही?

जुने काचेचे होते. नवे पॉलिकार्बोनेटचे, वर अतिनील किरण अडवणारा थर असलेले. तो थर गेला की पिवळेपणा येतो. कडेच्या रंगाला मास्किंग टेप लावा. वॉटर पेपर ८००, मग १५००, मग ३०००, प्रत्येक वेळी भरपूर पाणी आणि दर टप्प्याला आडवं-उभं दिशा बदलून. शेवटी पॉलिश. इथे थांबलात तर काही महिन्यांत पुन्हा पिवळं, कारण संरक्षक थर तुम्हीच घासून काढला आहे. म्हणून अल्कोहोलने पुसून हेडलाइटसाठीच मिळणारा अतिनील-रोधक क्लिअर कोट मारा आणि डब्यावर दिलेल्या वेळेपर्यंत पाणी लागू देऊ नका. धुरकटपणा आतल्या बाजूने असेल तर बाहेरून घासू नका. आधी मागचं रबरी झाकण आणि हवेची नळी तपासा.